‘दोन डोंगर’चं शटर

"रिपोर्ट टाइप करून आणलाय, मॅडम. तुमची फक्त सही पाहिजे," असं म्हणून दामले काकांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून दोन कागद काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले.

मी वाचले. नाचणे रोडवरच्या ‘दोन डोंगर’ या रेस्टॉरंटमधली कच्ची मासळी खाल्ल्याने सहा जणांना विषबाधा झाली, सबब रहिवासी इमारतीत ते चालू ठेवणं धोक्याचं आहे, असा मजकूर होता. खाली माझं नाव, माझी पदवी आणि सहीसाठी रेघ. पदवीचं स्पेलिंग चुकलेलं होतं.

"काका, मी ते हॉटेल अजून आतून पाहिलेलं नाही," मी म्हटलं.

"त्यात पाहायचं काय? कच्चे मासे देतात. सहा माणसं आडवी झाली."

"मग पाहते आणि लिहिते. हे कागद घेऊन जा."

दामले काका उठले नाहीत. त्यांचीही अडचण होती. रेस्टॉरंट ज्या गाळ्यात होतं तो त्यांचा. इमारतीतले लोक त्यांच्या मागे लागले होते. येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती आणि तिथे जाणकाराचा कागद दाखवून भाडेकरूला काढायचं, असं ठरलेलं होतं. जाणकार म्हणजे मी.

मी सव्वीस वर्षं इथल्या एमआयडीसीत मासळीच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. आमचा बराचसा माल जपानला जायचा. कंटेनर भरायचा की नाही, हे शेवटी माझ्या सहीवर ठरायचं. निवृत्त झाल्यापासून मी हॉटेलांचं ऑडिट करते. ऑडिट म्हणजे फ्रिज उघडून बघणं, थर्मामीटर लावणं आणि मालकाला न आवडणाऱ्या गोष्टी कागदावर लिहिणं. सही आधी आणि तपासणी मागाहून, असं मी नोकरीत असताना केलं नाही. आता तर मला कुणी साहेबही नाही.

काकांनी कागद परत फोल्डरमध्ये ठेवले. म्हणाले, "बघा मग. पण रविवारच्या आत."

झालं होतं ते असं. त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सोसायटीचे सेक्रेटरी विलास कीर राहतात. आदल्या रविवारी दुपारी त्यांच्या मुलीचा, ऋतुजाचा, वाढदिवस होता. ती कॉलेजात शिकते. तिच्या हट्टाने खालच्या रेस्टॉरंटमधून पार्सल मागवलं. जेवायला अकरा माणसं. जेवण उरकत नाही तोच एकेकाला त्रास सुरू झाला. सहा जणांना उलट्या झाल्या. डॉक्टरकडे नेलं, इंजेक्शनं दिली, संध्याकाळपर्यंत सगळी ठीक झाली. पण तोवर इमारतीच्या ग्रुपवर निकाल लागलेला होता. सोमवारी सकाळी चार-पाच जण खाली गेले आणि शटर ओढायला लावलं.

मी मंगळवारी गेले तेव्हा शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले. हॉटेलचा मालक भीम थापा ओटा पुसत होता. वय पस्तीसच्या आसपास.

"पूर्ण खाली का नाही?" मी विचारलं.

"त्यांनी पूर्ण सांगितलंन. मी अर्धं केलं. माझं लायसन हाय, मी चोरी नाय केली," तो म्हणाला.

त्याचं मराठी ऐकून मी बघत राहिले. पुण्यामुंबईचं नव्हे, आमच्या बाजूचं, शेवटी हेल काढून बोललेलं. मग कळलं, त्याचे वडील नेपाळातून येऊन मालगुंडला दामले काकांच्याच आंब्याच्या बागेत राखणदार होते. भीम तिथल्याच मराठी शाळेत नववीपर्यंत शिकला. पुढे मामाच्या ओळखीने जपानला गेला. ओसाकात एका हॉटेलात भांडी घासण्यापासून सुरुवात करून नऊ वर्षांत मुख्य कूकच्या हाताखाली मासे कापायला उभा राहिला. लग्न झालं, मुलगी झाली आणि त्याला परत यावंसं वाटलं. कुठे, तर रत्नागिरीला. बायको सरिता पोखराची. ती मोमो, थुक्पा म्हणजे नूडल्सचं सूप आणि नेपाळी दालभात करते, तो जपानी बाजू बघतो. एक डोंगर जपानचा, एक नेपाळचा, म्हणून नाव ‘दोन डोंगर’. काकांनी गाळा दिला तो त्याच्या वडिलांकडे बघून.

मी काम सुरू केलं. आधी डीप फ्रीझर. कच्च्या माशात कधीकधी बारीक जंत असतात. मासा उणे वीस अंशांना सात दिवस ठेवला की ते मरतात. ज्यांना कच्चा मासा द्यायचा आहे त्यांनी हे करायलाच हवं. माझा थर्मामीटर उणे एकवीस दाखवत होता. प्रत्येक पाकिटावर तारीख. शेजारी खिळ्याला अडकवलेली वही, तिच्यात रोज सकाळ-संध्याकाळचं तापमान, शाळकरी वळणाच्या मराठी अक्षरात. एकही दिवस गाळलेला नव्हता. रविवारसुद्धा.

मग भात. हॉटेल बंद होतं, म्हणून थोडा करून दाखवायला सांगितला. सुशीच्या भातात व्हिनेगर घालतात. लोकांना वाटतं चवीसाठी. ते आहेच, पण त्या आंबटपणात जंतू वाढत नाहीत, हे खरं कारण. आंबटपणा मोजायची कागदी पट्टी भाताला लावली. ठीक होता.

नंतर मात्र मला दोन गोष्टी सापडल्या. कोंबडी आणि भाजी एकाच बोर्डवर चिरत होते. मोमोच्या चटणीच्या बरणीवर तारीख नव्हती. मी दोन्ही लिहून घेतलं.

सरिता हिंदीत म्हणाली की हे वाचून लोक म्हणतील, बघा, घाण निघाली. भीमनेही तेच विचारलं, "तुम्ही आमच्या बाजूच्या ना, मॅडम?"

"नाही. मी कुणाच्याच बाजूची नाही. बोर्ड दोन घ्या."

त्याला राग आला. तो दिसत होता. पण संध्याकाळी त्याने दोन नव्या बोर्डांचा फोटो पाठवला, एक हिरवा, एक लाल.

पार्सलमध्ये काय दिलं होतं ते मी विचारलं. मोमो, उकडलेल्या कोळंबीचे रोल, काकडीचे रोल आणि एक डबा रावसाचा. कच्चा होता तो एवढाच. त्या रावसाचा उरलेला तुकडा फ्रीझरमध्ये होता. मी तो पाकिटासकट घेतला.

"पार्सल किती वाजता वर गेलं?"

"एकला."

"आणि आजारी पडल्याचं कधी कळलं?"

"पावणेदोनला. कीर साहेब स्वतः खाली आले. त्यांच्या बायकोचं तोंड लाल झालंय म्हणाले."

इथे मी लिहायची थांबले. सडक्या अन्नातल्या जंतूंनी पोट बिघडायला बहुतेक वेळा काही तास लागतात. पाऊण तासात आणि तोंड लाल? अशी लक्षणं कशाने येतात, हे मी कारखान्यात शिकले होते. त्याला कच्चा मासा लागत नाही. तळलेलाही पुरतो.

मी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले.

दार शुभांगी कीर यांनी उघडलं. सेक्रेटरींच्या पत्नी. सहा आजाऱ्यांपैकी एक. काकांनी पाठवलंय म्हटल्यावर त्यांनी आत घेतलं, चहा टाकला. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्या मोकळं बोलल्या. तोंड बीट चोळल्यासारखं लाल झालं होतं, डोकं ठणकत होतं, मानेला खाज, छातीत धडधड, मग उलटी. डॉक्टरांनी अॅलर्जीचं इंजेक्शन दिलं आणि दोन तासांत उतरलं.

"तुम्ही कच्च्या माशाचा रोल किती खाल्लात?" मी विचारलं.

"मी? मी ते तोंडात घातलंच नाही. मला नुसतं बघवत नाही ते."

"मग काय खाल्लंत?"

"भात, सोलकढी आणि तळलेले बांगडे. बांगडे घरचे. ह्यांनी आणलेले."

ऋतुजा आतल्या खोलीत होती. तिला बोलावलं आणि म्हटलं, अकराही जणांची नावं लिही आणि प्रत्येकाने काय खाल्लं ते समोर मांड. तिने मैत्रिणींना फोन करून अर्ध्या तासात यादी केली. आजारी पडलेल्या सहाही जणांनी बांगडा खाल्ला होता. त्यातल्या तिघांनी पार्सलमधलं काहीच घेतलं नव्हतं. ज्या चौघींनी नुसते रोल आणि मोमो खाल्ले, त्या ठणठणीत होत्या. एका पाहुण्याने दोन्ही खाल्लं आणि त्याला काही झालं नाही. त्याचंही कारण आहे, ते पुढे सांगते.

बांगडे आले कुठून? शनिवारी सकाळी सातला कीर जेट्टीवर गेले होते. बांगडा छान मिळाला म्हणून जास्त घेतला. तिथूनच त्यांना कामासाठी लांज्याला जावं लागलं. पिशवी गाडीच्या डिकीत. काम लांबलं. दोन वाजता घरी आले. ऑक्टोबर महिना. इथलं ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते रत्नागिरीकराला सांगायला नको.

"बर्फ घातला होता?"

शुभांगीताईंनी नाही म्हणून मान हलवली. "तासाभराचं काम म्हणाले होते. आल्यावर लगेच साफ करून मी फ्रीझरला टाकले. रविवारी अर्धे तळले."

"बाकीचे?"

"आहेत की."

हा सगळा हिस्टामिनचा प्रकार. बांगडा, तारली, कुपा अशा काळ्या मांसाच्या माशांना उन्हात ठेवलं की त्यांच्यातले जंतू हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार करतात. अॅलर्जी झाल्यावर आपल्या शरीरात जे तयार होतं तेच. मासा दिसायला ताजा, वासही नाही. एकदा तयार झालं की ते तळून जात नाही, उकडून जात नाही, फ्रीझरमध्ये गोठवूनही जात नाही. आणि एकाच पिशवीतल्या दोन बांगड्यांत ते सारखं नसतं. म्हणून तो एक पाहुणा वाचला.

मी मासे मागितले तेवढ्यात कीर आले. त्यांना काय चाललंय ते सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले की त्यांच्या घरातल्या सात पिढ्या समुद्रावर गेल्या, मासा कधी खराब होतो हे त्यांना कोणी शिकवू नये.

"म्हणजे मी माझ्याच बायको-मुलीच्या ताटात विष वाढलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी अजून काहीच म्हणत नाही. म्हणूनच मासा मागतेय."

"नाही मिळणार. ह्या घरातला मासा लॅबमध्ये जाणार नाही. तुम्हाला खालच्या हॉटेलची चौकशी करायला बोलावलंय. आमची नाही."

मी बॅग उचलली. जबरदस्ती करण्याचा मला काही अधिकार नव्हता. शुभांगीताई स्वयंपाकघरात गेल्या. येताना त्यांच्या हातात गोठलेली पिशवी होती. नवऱ्याकडे न बघता ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"उलट्या मी काढल्या," त्या म्हणाल्या. "कशाने झालं ते मला कळायला हवं."

मी दोन्ही नमुने, त्यांचे बांगडे आणि भीमचा रावस, थर्माकोलच्या पेटीत बर्फात घालून सील केले आणि त्याच दिवशी लॅबला पाठवले.

दुसऱ्या दिवशी गुहागरहून फोन आला. तिथल्या एका मोठ्या हॉटेलचं ऑडिट मी पहिल्यापासून करत होते. माझं ते सर्वांत जुनं काम. मालक कीरांचे मेहुणे आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी गोड बोलून सांगितलं की यंदाच्या ऑडिटचं अजून नक्की नाही, रविवारची मीटिंग होऊ दे, मग बघू.

मी म्हटलं, "रविवारनंतर माझा रिपोर्ट बदलणार नाही. तुम्हाला काय ठरवायचं ते आजच ठरवा."

त्यांनी ठरवलं. ते काम गेलं.

फोन ठेवल्यावर मी घाबरले होते, हे लपवून काय करू? लॅबचा निकाल यायचा होता. नेमके उरलेले बांगडे चांगले निघाले असते तर? तसं होऊ शकतं. मग माझ्या हातात एका कॉलेजच्या मुलीने केलेली यादी तेवढी उरली असती आणि एका माशाच्या पिशवीसाठी मी एक घर दुखावलेलं. तरीही त्या टाइप केलेल्या कागदावर सही केली असती तर बरं झालं असतं, असं मला एकदाही वाटलं नाही.

मधल्या दिवसांत दामले काका भीमकडे जाऊन आले. त्यांनी मधला मार्ग काढला होता. कच्चा मासा मेनूतून काढायचा, मग ते लोकांना समजावतील. भीमने नाही म्हणून सांगितलं. काकांनी मला फोन करून तक्रार केली की हा पोरगा बापासारखा नाही, बाप ऐकायचा.

शनिवारी निकाल आला. रावस स्वच्छ. बांगड्यात हिस्टामिन मर्यादेच्या कितीतरी वर.

रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. तीसेक माणसं. भीम आणि सरिता मागे उभे होते, त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. मी बोलायच्या आधीच दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ उठले. सोसायटी सुशिक्षितांची आहे, काल बागा राखणारे आज आपल्याला जेवायला वाढणार आणि तेही कच्चं, हे कसं चालायचं, असं ते म्हणाले. काहीजण हसले.

भीम पुढे आला.

"बाग राखली ओ माझ्या बापाने," तो म्हणाला. "मी नाय म्हणत नाय. अठरा वर्षं राखली. दामले काका हितेच बसलेत, विचारा त्यांना, एक पेटी कधी कमी झाली काय. आता मी किचन राखतंय. तुमाला नसंल खायचं तर नका खाऊ. पण माझ्या हातचं खाऊन माणूस आजारी पडला असं लिहायचं असंल, तर आधी सिद्ध करा. तोवर मी हितून हलणार नाय."

दामले काका खाली बघत होते. मग मी उठले.

रिपोर्ट वाचला. भीमच्या चुका आधी वाचल्या. एकच बोर्ड, तारीख नसलेली बरणी. लोक माना डोलवू लागले. मग फ्रीझर, वही, भात, रावसाचा निकाल. मग यादी. कोणाचंही नाव न घेता सांगितलं की आजारी पडलेल्या सहांपैकी तिघांनी त्या हॉटेलचा घाससुद्धा खाल्ला नव्हता. शेवटी घरच्या माशाचा निकाल वाचला आणि हिस्टामिन म्हणजे काय ते सांगितलं.

कीर पहिल्या रांगेत होते. त्यांनी हात पुढे केला. "कागद दाखवा."

मी लॅबचा कागद दिला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, मागची बाजूसुद्धा. परत देताना म्हणाले, "शटर उघडायला माझी हरकत नाही." आणि जिन्याकडे चालायला लागले.

तेवढ्यावर संपेल असं वाटलं, पण ते निवृत्त गृहस्थ पुन्हा उठले. झालं ते झालं, तरी कच्चं बंद करावं, म्हणजे शांतता राहील. बऱ्याच जणांना ते पटलं. मी भीमकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नाही.

मी म्हटलं, "तपासणीत जे निर्दोष निघालं तेच बंद करायचं असेल, तर तसं लिहून द्या. कारण काय तेही लिहा आणि खाली सह्या करा."

कुणीही सही केली नाही. दामले काका उठले. त्यांनी कोणाकडे न बघता सांगितलं की गाळा त्यांचा आहे आणि भाडेकरू राहील. मग फोल्डरमधून जुना टाइप केलेला रिपोर्ट काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. त्याचं त्यांनी पुढे काय केलं मला माहीत नाही.

भीमने त्याच दुपारी शटर पूर्ण वर केलं. पहिला आठवडा दुकानात माशा मारायची पाळी आली. नंतर कॉलेजची मुलं येऊ लागली, मग त्यांचे आईबाप. शुभांगीताई महिन्याभराने जाऊन आल्या. त्यांना थुक्पा आवडला. रोलकडे त्या अजून बघत नाहीत. कीरांनी भीमची माफी मागितली नाही, माझीही नाही. भेटले की मान हलवतात. गुहागरचं काम परत आलं नाही. ते निवृत्त गृहस्थ अजूनही ग्रुपवर लिहितात, पण आता विषय पार्किंगचा असतो.

भीमच्या हॉटेलचं ऑडिट मी दर तीन महिन्यांनी करते. मागच्या वेळी हात धुवायच्या बेसिनजवळ साबण नव्हता, तो मी लिहिला. त्याला राग आला.

मला लोक विचारतात, कच्चा मासा खाणं सुरक्षित आहे का? नीट ठेवला असेल तर आहे. आणि नीट ठेवला नसेल तर तळलेलासुद्धा नाही. तेव्हा बांगडा घेतलात की बर्फ घ्या आणि सरळ घरी जा. लांज्याचं काम दुसऱ्या दिवशीही होतं.